हातभर चिकणमाती

आमच्या गावचं तळं माझ्यामुळे कोरडं पडलं. गावात असं कुणी म्हणत नाही. हा गावाचा चांगुलपणा की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तेव्हा औरंगाबादच्या कॉलेजात इंटर सायन्सला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं आणि गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी काही बोललो की लोक ऐकून घेत. ऐकून घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

माझे वडील, म्हणजे दादा, गावची गुरं राखायचे. सकाळी घराघरातून गुरं सुटून मारुतीसमोर जमायची. दादा त्यांना माळावर न्यायचे, दुपारी तळ्यावर पाणी पाजायचे आणि दिवस मावळताना परत आणून सोडायचे. सुगीला ज्याच्या त्याच्या गुरांप्रमाणे ज्वारी मिळायची. आमचं घर त्या ज्वारीवर चालायचं आणि माझं कॉलेजही. पण हे सगळं दुपारच्या पाण्यावर अवलंबून होतं. तळं माघापर्यंत टिकायचं. पुढं पाऊस येईपर्यंत गुरं दोन कोसांवरच्या नदीच्या डोहावर न्यावी लागायची. जाऊन येऊन दिवस संपायचा. गुरं चरायची कमी, चालायची जास्त, आणि गाई आटायच्या. मग लोक म्हणायला लागायचे, "एवढं चालवून मारायचं तर दावणीलाच बांधतो की." एकदा लोकांनी गुरं दावणीला बांधली की दादांचं काम संपलं. दरवर्षी ते दिवस दादा कसेतरी ढकलायचे.

म्हणून माझ्या मनात जे आलं ते चांगल्या हेतूनंच आलं, एवढं मला इथं नोंदवून ठेवायचं आहे.

त्या वर्षी विकास योजनेचे ग्रामसेवक गावात आले होते आणि श्रमदानाचं बोलणं चाललं होतं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. तळ्यात पाणी कमी मावतं कारण तळ गाळानं वर आला आहे, हे कुणालाही दिसत होतं. पण ते शास्त्रीय रीतीनं सांगावं असं मला वाटलं. कॉलेजात आम्ही काचेच्या उंच भांड्यात माती कालवून ती थराथरानं कशी बसते ते पाहिलं होतं. तसं भांडं गावात कुठून मिळणार? शेवटी शेठजींच्या दुकानातली लिमलेटच्या गोळ्यांची बरणी मागून आणली.

शेठजी म्हणजे आमच्या गावातले मारवाडी व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठजींनी राजस्थान पाहिलेलं नव्हतं. दुकानाशिवाय तळ्याच्या खालच्या अंगाला त्यांची मोसंबीची बाग होती आणि बागेत विहीर. संक्रांतीला ती विहीर तळ दाखवायची, त्यामुळे बाग वर्षाला थोडी थोडी वाळत होती.

चावडीवर सगळ्यांसमोर मी बरणीत पाणी घेतलं, तळ्यातला गाळ टाकला आणि काठीनं ढवळलं. वाळू लगेच खाली बसली. तिच्यावर थोड्या वेळानं पोयटा बसला. वरचं पाणी मात्र चहासारखं गढूळच राहिलं.

"हे सगळ्यांत बारीक कण," मी म्हणालो. "हे बसायला वेळ लागतो."

"किती?" पाटलांनी विचारलं.

"एखाद-दोन दिवस."

"मंग आम्ही जेवून येतो," पाटील म्हणाले.

माणसं हसत उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजींच्या नोकरानं बरणी ओतून, राखेनं घासून परत नेली. गोळ्या उघड्यावर पडल्या होत्या, त्याचाही इलाज नव्हता. पण त्यामुळे तो सगळ्यांत बारीक, सगळ्यांत वरचा थर गावानं पाहिलाच नाही. खरं म्हणजे तो मीही पाहिला नाही. कॉलेजातही तास संपला म्हणून तो बसायच्या आधीच भांडी धुतली गेली होती.

श्रमदान मात्र जोरात झालं, इतकं की ग्रामसेवक थोडे घाबरले. त्याचं कारण माझा प्रयोग नसून गाळ होता. तळ्यातला गाळ शेतात टाकला की ज्वारी कमरेऐवजी डोक्याएवढी होते, हे लोकांना आधीच माहीत होतं. आजवर एवढंच होतं की तो एकट्यानं काढायला लाज वाटायची. आता त्याला देशाचं काम म्हणता येत होतं. गाड्यांची रांग लागली. नाल्याच्या तोंडाशी वाळूच निघाली. तिकडं कुणी फिरकेना. पाळीच्या म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, जिथं पाणी सगळ्यांत खोल असायचं, तिथं काळीशार, लोण्यासारखी चिकण निघायला लागली आणि गाड्यांची भांडणं सुरू झाली.

त्या चिकणीपाशी गावातले म्हातारे बेलदार येऊन उभे राहिले. गावातल्या निम्म्या विहिरी त्यांनी बांधलेल्या. मला म्हणाले, "आता पुरं कर. तळाची हातभर सोडायची असते."

"काहून बाबा?"

"काहून ते मला ठाव न्हाई. आमच्या बापानं सोडली, मीबी सोडली."

"पण काही कारण असेल ना?"

"असंल. मला कुणी सांगितलं न्हाई."

ज्याचं कारण सांगता येत नाही ती नुसती रूढी, असं मी नुकतंच कुठंतरी वाचलं होतं. मी वही काढली. आणखी हातभर खोल गेलं तर तळ्यात किती पाणी जास्त मावेल ते लांबी-रुंदी गुणून दाखवलं. गणित बरोबर होतं. आजही ते मला कुठं चुकलेलं सापडत नाही. बेलदारबाबांनी वहीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "कागदावर तर लई पाणी हाय."

मी दादांना विचारलं. ते पाळीवर बसून वेताच्या टोपलीचा काठ बांधत होते. म्हणाले, "तू शिकून राह्यला. तुला बराबर वाटतं तर होऊ दे."

तेव्हा मला ते वाक्य पाठिंब्याचं वाटलं.

चिकण संपून खाली पिवळसर मुरूम लागला तेव्हाच गाड्या थांबल्या. तळं परातीसारखं लख्ख दिसायला लागलं. मी आणखी एक सुधारणा सुचवली. पाऊस पडला की दादांची गुरं तळ्यात पोटापर्यंत उतरून उभी राहायची आणि पाणी गढूळ करायची. ते आता बंद, गुरांनी काठावरून प्यावं. पाटलांनी तसा हुकूमच काढला. दादांनी काठावर दगड रचून उतार करून घेतला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. मी कॉलेजात होतो. श्रावणात गावाकडून आलेल्या माणसानं सांगितलं की तळं काठोकाठ भरलं, सांडव्यावरून पाणी पडलं, लोकांनी पाळीवर नारळ फोडला. मी त्या आठवड्यात कॉलेजात जरा ताठ चालत होतो, असं माझा खोलीतला सोबती नंतर म्हणाला.

दिवाळीला जालन्याहून राजूरच्या वाटेची लॉरी धरून गावी आलो. तळ्यावरून येताना पाहिलं तर मध्ये एक डबकं शिल्लक होतं, म्हशीनं अंग टाकावं एवढं. बाकी सगळा मुरूम वाळून पांढरा पडला होता. पूर्वी माघापर्यंत टिकणारं पाणी आश्विनातच गेलं होतं.

घरी दादा नव्हते. माय म्हणाली, "नदीवर गेल्ते, येतीलच." ते आले तेव्हा अंधार पडला होता. ओट्यावर बसून त्यांनी पाय तांब्याभर पाण्यानं धुतले आणि मला म्हणाले, "कवा आल्ता?" तळ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मीच बोललो. ते म्हणाले, "ऊन लई पडलं औंदा."

ऊन पडलं नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं.

मग माय बोलली. तीन घरांनी गुरं दावणीला बांधली होती. पाटलांनी दादांना सांगितलं होतं, "पुसापर्यंत बघतो. मंग मीबी बांधीन. नाराज होऊ नको." पाटलांच्या दावणीला सगळ्यांत जास्त गुरं. ती थांबली की बाकीचे थांबणार, आणि मग दादांनी काय राखायचं आणि मी कशाच्या जोरावर औरंगाबादला राहायचं, हे मायेनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी बेलदारबाबांकडं गेलो. मला वाटलं होतं ते टोमणा मारतील. त्यांनी मारलाच, पण आधी बसायला पोतं दिलं.

"आता मला कळलं काहून सोडायची असते ते," ते म्हणाले. "तुझ्यामुळंच कळलं म्हण. खाली मुरूम हाय. मुरमाला पाणी दिलं तर तो गिळतो. त्याच्या तोंडावर चिकणीचं झाकण होतं, ते तू उघडलं."

"पण एवढी चिकण आली कुठून?"

"पाण्यातून बसली असंल बारीक बारीक. आन वरून तुझ्या बापाची गुरं. वर्सानुवर्सं चिखल तुडवून तुडवून त्यांनी जमीन घट केली. आम्ही हौद बांधतो तवा चुना असाच कुटतो. अन् तू त्यांनाच भायेर काढलं."

मला माझी बरणी आठवली. जो थर बसायला कुणी थांबलं नाही, तोच तळं धरून होता. कॉलेजात याला काय म्हणतात ते मला माहीत होतं, तरी बेलदारबाबांसमोर त्याचं इंग्रजी नाव घ्यावंसं वाटलं नाही.

"मग पाणी गेलं कुठं?" मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनं खाली, शेठजींच्या बागेकडं दाखवलं.

शेठजींची विहीर भरली होती. दिवाळीत एवढं पाणी त्या विहिरीला कुणी पाहिलं नव्हतं. वरच्या पायऱ्या बुडालेल्या, आणि पाणी काचेसारखं. मोसंबीला नवी पालवी आली होती. शेठजी विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "गणपतीची कृपा." चैत्रात त्यांनी राजूरच्या गणपतीला जाऊन नवस केला होता: विहिरीला पाणी लागलं तर गावच्या मुक्या जनावरांसाठी विहिरीवर दगडी हौद बांधीन आणि मोटेनं रोज भरून ठेवीन. नवस देवळात सगळ्यांसमोर, मोठ्यानं केला होता. तेव्हा विहिरीला पाणी लागेल असं शेठजींसकट कुणालाच वाटलं नव्हतं.

मला मात्र त्या वेळी नवस दिसलाच नाही, फक्त विहीर दिसली. तळ्याचं पाणी मुरमातून झिरपून खालच्या कातळावरून विहिरीत येतं, हे सिद्ध करायचं म्हणून मी इरेला पेटलो. सिद्ध करून काय होणार होतं, हा विचार सुचला नाही. शेठजींच्या दुकानातून कपड्यांना घालायची नीळ आणली, होती तेवढी सगळी, आणि तळ्यातल्या डबक्यात कालवली. विहिरीचं पाणी निळं झालं की झालं. चावडीवर तसं सांगूनही टाकलं.

चार दिवस अर्धं गाव शेठजींच्या विहिरीत वाकून पाहत होतं. पाणी तसंच, काचेसारखं. निळी झाली ती पाटलांची पांढरी गाय. डबक्यातून पाणी पिऊन आली आणि तोंडाला, गळ्याला, पुढच्या पायांना निळे डाग. पाटलीणबाईंनी तिला दोनदा धुतलं.

शेठजी खुर्चीतून म्हणाले, "बेटा, नीळ हमारीच दुकानची ना? मंग तिला घरी यायला रस्ता काहून सापडला न्हाई?"

लोक खूप हसले. मीही हसलो, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

पाचव्या दिवशी डबकंही आटलं. मी तळ्यात उतरून पाहिलं. तळाचा चिखल निळा पडला होता, पातळ साय धरावी तसा. नीळ पाण्यात विरघळलीच नव्हती. तिचे बारीक कण होते आणि ते गाळासारखे खाली बसले होते. जे जमिनीत गेलं ते नुसतं पाणी. माझ्या प्रयोगात पाणी दोषी नव्हतं, नीळ होती. हे सांगायला मी पळतच घरी गेलो.

दादा गुरांमागून येऊन नुकतेच टेकले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझं खरंच हाय."

"तुम्हाला पटलं?"

"मला गणपती झाल्यापासून ठाव हाय. तळ्याच्या पाळीपासून शेठजीच्या विहिरीपर्यंत हरळीचा पट्टा हिरवा हाय. शेजारी सगळं वाळलं. गुरं सोडली की त्याच पट्ट्यानं चरत जातात, सरळ विहिरीपर्यंत. मी काठी उगारली तरी वळत न्हाईत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? चला, चावडीवर सांगू. आपलं पाणी आहे!"

"तू खरा निघाला तर पाणी तळ्याचं," ते म्हणाले. "तळ्याचं असंल तर गणपतीनं दिलं न्हाई. गणपतीनं दिलं न्हाई तर नवस लागू न्हाई. मंग शेठजी हौद काहून बांधतील? पुसाला पाटील गुरं बांधणार. आता सांग, तुला खरं ठरायचं हाय का गुरांना पाणी पाजायचं हाय?"

चौथीही न शिकलेल्या माणसानं इतकी पायरी-पायरीनं मांडणी केलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आणि झालंही तसंच. दिवाळी सरता सरता शेठजींचा गणपती थोडा मागं पडायला लागला. हौदाला दगड किती, मोटेला बैल कुठले, गडी कोण, असा खर्च त्यांच्या ध्यानात आला असावा. चावडीवर लोक रोज आठवण देत, "शेठजी, नवस!" आणि शेठजी म्हणत, "हो ना, बिलकुल. करायचंच हाय." मग एका दुपारी त्यांनी मला दुकानात हाक मारली, स्टुलावर बसवलं आणि लिमलेटची गोळी दिली. मी इंटरला होतो, तरी घेतली.

"बेटा, मी त्या दिवशी हसलो, मनावर घेऊ नको," ते म्हणाले. "सायन्स मोठी चीज हाय. मला रात्रभर विचार आला. पाणी तळ्याचंच असंल, काय?"

मी गोळी या गालातून त्या गालात नेली.

"चावडीवर एकदा नीट समजावून सांग ना सगळ्यांना. तुझं लोक ऐकतात."

माझ्या आयुष्यात विज्ञानाच्या बाजूनं उभा राहिलेला गावातला पहिला माणूस हा. आणि मला त्याला निराश करायचं होतं.

संध्याकाळी चावडीवर शेठजींनीच विषय काढला. "पाटील, हा पोरगा शिकलेला हाय. याला विचारा. पाणी कुणाचं ते हाच सांगंल. देवाच्या नावावर खोटं नको चढायला."

पाटील माझ्याकडं वळले. "काय रे, सांग. तळ्याचं का गणपतीचं?"

दादा कोपऱ्यात खांबाला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बेलदारबाबा तंबाखू मळत होते, ते पाहत होते.

मी उभा राहिलो. खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि खरंही बोलता येत नव्हतं. "मी प्रयोग केला होता," मी म्हणालो. "सगळ्यांनी पाहिलं. तळ्यात नीळ टाकली, विहिरीत आली नाही. माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गेली काही वर्षं मी त्या वाक्यांत खोटं कुठं होतं ते शोधतो आहे, आणि दर वेळी ते सगळ्यांतच सापडतं.

"झालं!" पाटील म्हणाले. "कालिजवाल्यानंबी कबूल केलं. शेठजी, दगड कवा आणायचे?"

शेठजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांचा विश्वासघातच केला आहे. तो केलाच होता, म्हणून मी खाली पाहिलं. बेलदारबाबा मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "शिकला पोरगा."

हौद बांधायचं काम बेलदारबाबांनीच घेतलं. दर्शनी दगडावर अक्षरं कोरायची होती आणि ती सुबक हवीत म्हणून मलाच लिहून द्यायला सांगितलं. कॉलेजला निघायच्या आदल्या दिवशी मी कोळशानं दगडावर लिहिलं: श्री गजानन कृपेनं या विहिरीस पाणी लागलं. बाबांनी छिन्नी ठेवून विचारलं, "खाली आणखी काही घालायचं का? जागा हाय."

"नको," मी म्हणालो.

"हातभर हाय," ते म्हणाले.

नाताळच्या सुट्टीत मी परत आलो तेव्हा हौद भरला होता. पूस लागला होता आणि पाटलांची गुरं दादांच्याच कळपात होती, ती निळी गायही. दावणीला बांधलेल्या तीन घरांपैकी दोघांनी गुरं परत सोडली होती. भर दुपारी गुरं हरळीच्या पट्ट्यानं चरत आली आणि हौदावर तोंडं टेकवून प्यायली. शेठजी खुर्चीत बसून हात जोडत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कदाचित त्यांना आता पुन्हा पटलं होतं. जनावरं पाणी पिताना पाहिली की माणसाला पुष्कळ गोष्टी पटतात.

दादा शेठजींपुढं वाकले. मला म्हणाले, "तूबी पाया पड." मी वाकलो.

मग दादांनी पटका सोडून तोंड धुतलं आणि हौदाच्या काठावर टेकले. दिवाळीत या वेळेला गुरं नदीच्या अर्ध्या वाटेवर असायची. त्यांनी पाय लांब केले आणि डोळे मिटले. मी मोटेच्या धारेखाली ओंजळ धरून पाणी प्यालो. गार होतं, गोड होतं, आणि त्यात गाळ बिलकुल नव्हता.